कोकण किनारा: रेल्वेने जावं की भाड्याची गाडी घ्यावी? अनुभव सांगा

धागाकर्ती

डिसेंबरात आईबाबांना घेऊन मुंबईहून तळकोकणात जायचं घाटतंय. मालवण, वेंगुर्ला, जमलं तर देवगड-विजयदुर्ग. घरची गाडी नाही. म्हणजे एकतर कोकण रेल्वे, नाहीतर मुंबईतूनच सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचं. आईचे गुडघे दुखतात. बाबांना मात्र समुद्र बघत बघतच जायचंय, मधली गावं टाळून नुसतं मालवण गाठणं त्यांना पटत नाही.

भाडी आणि वेळापत्रकं मी शोधेन. तुमच्याकडून हवंय ते वेगळं: खिडकीतून काय दिसलं, कुठे अडकलात, बरोबर कोण होतं, महिना कुठला होता. कोकणाबाहेर किनाऱ्याचा असा प्रवास केला असेल तर तोही लिहा.

सड्यावरची

आधी एक सांगते, कारण बाहेरून येणाऱ्यांची इथेच निराशा होते. महाराष्ट्रात कोकण रेल्वेतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. रूळ किनारा आणि सह्याद्री यांच्या मधून गेलेत. रोहा सोडलं की सावंतवाडीपर्यंत डोंगर, भातखाचरं, नद्या आणि बोगदे.

पण जे दिसतं ते रस्त्यावरून कुणालाच दिसत नाही. उक्षी स्टेशनाजवळ रानपाटचा धबधबा. मग करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. पावसाळ्यात आत शिरताच खिडकीतून गार, ओलसर, मातीचा वास येणारी हवा अंगावर येते आणि डब्यातली बोलणी आपोआप थांबतात. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या अलीकडे पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. माडांचे शेंडे पायाखाली असतात. मी रत्नागिरीची. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला, त्याआधी रात्रभर एसटीत घाट मोजत मुंबईला जाणारी माणसं माझ्या घरात आहेत. ती अजूनही त्या पुलावर खिडकीशी येऊन बसतात.

पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, दरडींमुळे गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. हिरवं कोकण बघायचं तर रेल्वे आणि जुलै. समुद्र बघायचा तर रेल्वे नको.

खाडीपलीकडे

आम्ही दोघं नवरा-बायको जानेवारीत भाड्याची गाडी घेऊन मुरुड-जंजिरा ते गणपतीपुळे असे उतरलो. सागरी मार्ग म्हटलं की लोकांना सलग रस्ता वाटतो. तसा तो नाही. दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते आणि गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. आगरदांडा-दिघी, मग बाणकोटच्या खाडीवर बागमांडला-वेसवी, पुढे दाभोळ-धोपावे, शेवटी तवसाळ-जयगड. प्रवासाचा खरा आनंद याच चार ठिकाणी आहे.

दाभोळला सकाळी रांगेत आमच्यापुढे एक टेम्पो, दोन मोटारसायकली आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका. बोटीवरचा माणूस हाताच्या खुणेने गाडी इंच इंच सरकवून घेतो, "हँडब्रेक वडा, गिअरमधी ठेवा" म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. आपण उतरून कठड्याशी उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. तीच खाडी टाळून दापोलीहून गुहागर गाठायचं तर खेड-चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा.

मात्र शेवटची बोट कधीची, हे निघतानाच विचारून ठेवा. रस्ते अरुंद, वळणाचे, गावातून जाणारे. समोरून एसटी आली की कुणालातरी मागे घ्यावं लागतं. दिवसाला जेमतेम शंभर किलोमीटर धरा. गणपतीपुळ्याजवळच्या आरे-वारेचा चढ चढून वर गाडी थांबवली की खाली दोन्ही बाजूंना किनारा पसरलेला दिसतो. तिथे हवा तेवढा वेळ थांबता येतं, ही मुभा रेल्वे देऊ शकत नाही. तुमच्या बाबांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

कुडाळ उतारू

आमच्याबरोबर सत्तरीपुढची सासूबाई होती, म्हणून माझं मत ठाम आहे. मुंबईहून गाडी नको. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. सिंधुदुर्गात रस्ता सुरेख झालाय, पण इंदापूर-माणगावच्या रांगेत दुखऱ्या गुडघ्यांनी बसून राहणं हा त्रासच. रेल्वेत पाय लांब करता येतात, स्वच्छतागृह जवळ असतं.

जनशताब्दीने कुडाळला उतरलो, गाडीवाला आधीच ठरवला होता. पिवळ्या पाटीची गाडी, चालक मालवणचाच. तारकर्ली-देवबाग सगळ्यांना माहीत असतं, पण संध्याकाळी त्याने आपणहून निवतीच्या किल्ल्यावर नेलं. सासूबाईंना जितकं झेपलं तितकंच चढवून त्याने पुढचा रस्ता गाडीतून दाखवला. भोगव्याचा अख्खा किनारा खाली. सेल्फ ड्राइव्ह घेतली असती तर नवरा रस्त्याकडे बघत राहिला असता आणि मी मोबाइलच्या नकाशाकडे.

ठरवताना दिवसाचे किलोमीटर किती, वर गेलं तर दर काय, आणि रात्री मुक्काम असेल तर चालकाचा भत्ता, हे तिन्ही आधी बोलून घ्या.

पाटी बघा

गाडी भाड्याने घेणारच असाल तर एकच कळकळीची विनंती. सेल्फ ड्राइव्हची अधिकृत गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचं झंझट तुमच्या गळ्यात पडतं. गोव्यात घेतलेली गाडी रेडी-वेंगुर्ल्याकडे आणायची असेल तर राज्याबाहेर नेण्याची परवानगी लेखी घ्या. ताब्यात घेताना चारी बाजूंनी, टायर आणि बंपरच्या खालूनही व्हिडिओ काढा. आमची अनामत एका जुन्या ओरखड्यापायी अडवून धरली होती. व्हिडिओ दाखवल्यावर सुटली.

शरावती

गोव्यात आणि त्याच्या खाली गेलात तर चित्र बदलतं. मांडवी, झुआरी, कारवारला काळी, होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल. इथे रेल्वे खाड्यांवरूनच चालते आणि अधूनमधून समुद्रही डोकावतो. पण कुंदापूरजवळ मरवंतेला एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी आणि मधून रस्ता, हे फक्त गाडीवाल्यांना.

सांता बार्बराहून

इथे कॅलिफोर्नियातही हाच पेच. लॉस एंजेलिसहून सिॲटलला जाणारी कोस्ट स्टारलाइट रेल्वे व्हेंच्युरापासून पुढे कितीतरी वेळ समुद्राला अगदी खेटून जाते. आईबाबा आले तेव्हा त्याच रेल्वेने नेलं. बाबा काचेच्या डब्यातून हललेच नाहीत. पण पुढे ती आत वळते, आणि बिग सरचे समुद्रकडे पाहायचे तर किनाऱ्याने जाणाऱ्या हायवे वनला पर्याय नाही. तो रस्ताही दरडींनी बंद पडतो. २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगरच खाली आला, रस्ता वर्षभरानंतर उघडला. कोकणातल्या माणसाला नवल वाटणार नाही.

भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडली तर वेगळा आकार लावतात. तो अनेकदा भाड्याइतकाच होतो, हे हिशेबात धरा.

सड्यावरची

एक राहिलं. तिकिटं आता ६० दिवस आधी उघडतात, पूर्वीसारखी १२० नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर सकाळी आठला बसूनच काढा. आणि २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा खासगी गाड्या वॅगनवर चढवून न्यायला सुरुवात केली. ट्रकांसाठी ही सोय १९९९ पासून आहेच. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी चौकशी करावी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जाताना जनशताब्दीच्या विस्टाडोमचं बघतेय, काचेचं छत आणि फिरत्या खुर्च्या बाबांना आवडतील. कुडाळहून चालकासकट गाडी. बाबांसाठी फेरीबोट राहतेय, तेवढी चुटपुट आहे. मालवणहून विजयदुर्ग एका दिवसात आईला झेपेल का?

कुडाळ उतारू

झेपेल. आचरा, मिठबावमार्गे सकाळी लवकर निघा, कुणकेश्वरला टेका, देवगडला जेवा. विजयदुर्गात आईंना जेट्टीवर सावलीत बसवा, तिथून तटबंदी छान दिसते, आणि बाबांना किल्ल्यात जाऊ द्या. फेरीबोट हवी असेल तर वेंगुर्ल्याच्या दिवशी रेडी-तेरेखोलवरून केरीला उतरा. ती बोट तेरेखोल नदीवर आहे.