विषय: स्टँड मिक्सरची मोटर फिरते, पण हुक फिरत नाही

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या स्वयंपाकघरातला स्टँड मिक्सर शनिवारी बंद पडला. वाटणाचा मिक्सर नव्हे, पीठ मळायचा. डोकं मागे कलंडणारा. घट्ट पीठ मळायला घातलं होतं. आधी टक टक टक असा आवाज आला आणि मग पीठ मळणारा हुक जागच्या जागी थांबला. मोटर चालूच होती, उलट नेहमीपेक्षा जरा हलकी वाटत होती.

एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. उघडूनही न बघता त्यांनी सांगितलं की आता हा टाकून द्या, नवीन घ्या. मला ते पटलं नाही. बारा वर्षं आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला हे यंत्र राबलंय, ते असं न बघताच टाकवत नाही. कुणी घरी उघडून सुटे भाग बदललेत का? कुठून सुरुवात करू?

कार्यक्रम समिती

* * *

ताई,

टाकू तर नकाच. तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. मोटर हलकी फिरते आणि हुक थांबतो, याचा अर्थ मोटर शाबूत आहे, तिचा जोर हुकापर्यंत पोचत नाही एवढंच.

मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, स्क्रूच्या आट्यांसारखा वर्म असतो. तो एक दातेरी चाक फिरवतो, त्याला वर्म गिअर म्हणतात. तिथे वेग उतरतो आणि ताकद वाढते. पुष्कळ यंत्रांत हे एक चाक मुद्दाम बाकीच्या गिअरांपेक्षा मऊ धातूचं किंवा नायलॉनचं करतात. पीठ झेपेनासं झालं की आधी याचे दाते जावेत आणि मोटरची वाईंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, वाचावी, हा त्यामागचा विचार. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. म्हणजे यंत्रानं स्वतःला वाचवलंय, आणि त्याला ‘गेलं’ म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

पण मागवण्याआधी एक खात्री करून घ्या. हुक काढा. डोक्याच्या पुढच्या बाजूला जादा जोडण्या लावायचं गोल तोंड असतं, त्याचं झाकण उघडा. सगळ्यात कमी वेगावर यंत्र चालू करून लांबूनच आत बघा, बोट घालायचं नाही. आतली चौकोनी खोबण फिरत असेल, तर गिअर ठीक आहे आणि खाली हुक जिथे बसतो त्या फिरत्या भागाची, म्हणजे प्लॅनेटरीची, पिन बहुधा तुटली आहे. ते काम त्यामानानं लहान. खोबणही फिरत नसेल तर वर्म गिअर गेला असं समजा.

बुडाखालच्या पट्टीवर मॉडेल नंबर आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढा आणि त्या नंबरावरूनच भाग शोधा; दिसायला सारखा आहे म्हणून घेऊ नका. गिअरबरोबर गॅस्केट (झाकणाच्या सांध्यात बसणारी पातळ चकती), नवीन पिन आणि खाद्यपदार्थांच्या यंत्रांना चालणारं ग्रीसही मागवा. साधारण पावणेदोनशे ग्रॅम लागेल. गाडीचं ग्रीस चालणार नाही, कारण त्याचं तेल कधी ना कधी भांड्यात उतरतं.

ग्रंथालय समिती

* * *

नमस्कार,

ग्रंथालय समितीच्या काकांनी लिहिलंय ते मोटर फिरत असेल तर. ज्यांच्या यंत्राची मोटरच फिरत नाही, किंवा थांबून थांबून फिरते, त्यांनी आधी कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कांड्या, बघावेत. मोटरच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल टोपी असते. प्लग काढून चपट्या स्क्रूड्रायव्हरनं ती फिरवली की स्प्रिंगसकट कार्बनची कांडी बाहेर येते. कांडी सहा मिलिमीटरपेक्षा आखूड झाली असेल तर दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला. टोकाला जी गोलाई असते ती ज्या बाजूला होती त्याच बाजूला परत बसवा. नवीन कार्बन घातल्यावर यंत्र रिकामंच थोडा वेळ चालवा, म्हणजे ते नीट घासून बसतात. सुरुवातीला बारीक ठिणग्या दिसतात, त्या पुढे कमी होतात.

दुसरं, व्होल्टेजचं. आपल्यापैकी बरेच जण देश बदलताना मिक्सर बरोबर आणतात. गिअर, पिन, गॅस्केट यांना व्होल्टेजशी देणंघेणं नाही. पण वेग नियंत्रित करणारी सर्किटची पट्टी आणि मोटर यांना आहे. 120 व्होल्टच्या यंत्रात 220-240 व्होल्टची पट्टी बसवून चालणार नाही. मागवताना हे एकदा नक्की वाचा.

खजिनदार

* * *

काका, खजिनदार,

दोघांचे मनापासून आभार. पुढची खोबण फिरत नाही, म्हणजे गिअरच. सगळं सामान आलं. आज दुपारी बसले, पण पहिल्याच पायरीवर अडले आहे. प्लॅनेटरीच्या बाजूला भोक आहे, त्यात पिन दिसते, पण ती हलत नाही. हातोडीनं जोरात मारायची भीती वाटते.

* * *

ताई,

भीती वाटते ते बरोबरच आहे, वेडंवाकडं मारलं तर नुकसान होतं. ती पिन भरीव नसते, स्प्रिंगच्या पत्र्याची गुंडाळलेली नळी असते आणि स्वतःच्या ताणानं भोकात घट्ट बसते. तिला पिनेपेक्षा किंचित बारीक पंच, म्हणजे सपाट टोकाची पोलादी कांडी, लागतो. खिळा वापरू नका, त्याचं टोक नळीत घुसून ती फाकवतं. भोकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून अर्धा तास थांबा. डोक्याखाली लाकडाचा ठोकळा द्या, कुणाला तरी यंत्र धरायला सांगा आणि पंच सरळ ठेवून छोटे, ठाम ठोके द्या. पहिला मिलिमीटर जड जातो, पुढे ती सरकते. जुनी पिन परत वापरायची नाही, तिचा ताण गेलेला असतो.

मग दोन चपटे स्क्रूड्रायव्हर समोरासमोरच्या बाजूंनी घालून प्लॅनेटरी सारख्या जोरानं खाली ओढा. एकाच बाजूनं उचकटली तर ती तिरकी होऊन शाफ्टला अडकते. तिच्यामागे वॉशर असतील. ते ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवा. नंतर खालचे स्क्रू, मागचं झाकण. वायर सुटी करण्याआधी प्रत्येक जोडणीचा फोटो हवाच, हिरव्या अर्थिंगच्या वायरचा तर दोन बाजूंनी. ती परत लावायची राहिली तर यंत्र चालेल, पण एखाद दिवशी त्याच्या धातूच्या अंगाला हात लावणाऱ्याला शॉक बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उघडल्यावर आत काळपट ग्रीसचा लगदा दिसेल. नवीन गिअर हातात असतो, कधी एकदा बसवतो असं होतं. तेव्हाच थांबायचं. तुटलेल्या दात्यांचे तुकडे त्या ग्रीसमध्येच आहेत. एक जरी राहिला तरी तो नव्या दात्यांमध्ये येतो, आणि चार महिन्यांत तुम्ही परत इथे असता. ग्रीस प्लास्टिकच्या उलथण्यानं सगळं काढा आणि थोडं थोडं पांढऱ्या कागदावर पसरून बघा. जुना गिअर शेजारी ठेवा आणि कुठले दाते कमी आहेत ते मोजा. हिशोब लागेपर्यंत नवा गिअर पाकिटातच राहू द्या. कोपरे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा, वर्मच्या आट्या जुन्या टूथब्रशनं घासा.

माझ्या पाहण्यातली घरगुती दुरुस्ती फसली ती बहुतेक वेळा इथेच, गिअर बसवताना नव्हे.

* * *

मंडळी,

एक छोटी भर. बारा वर्षांच्या यंत्रात ग्रीसमधलं तेल सुटतं आणि शाफ्टवरून खाली ओघळतं. हुकाच्या मुळाशी तेलकट काळा ओघळ दिसला तर ती सूचना समजा. यंत्र महिनोन् महिने पडून राहिलं की हे जास्त होतं. म्हणून मंडळाचा मिक्सर कार्यक्रम नसला तरी अधूनमधून दोन मिनिटं रिकामा फिरवायला हवा. ते काम आम्ही घेतो.

युवा विभाग

* * *

काका आणि सगळ्यांना,

झालं! दोन संध्याकाळी लागल्या.

पिन अर्ध्या तासानंतर चौथ्या ठोक्याला सरकली. आतला गिअर हातात घेतला तेव्हा खरं कळलं. एका बाजूला दाते जसेच्या तसे, आणि दुसऱ्या बाजूला चार दाते झिजून, तुटून गुळगुळीत झालेले, बोट फिरवलं तर खाचही लागेना. कागदावर ग्रीस पसरलं तर त्यात पितळी रंगाचा चुरा चमकत होता. तीन मोठे तुकडे लगेच सापडले. चौथा काही मिळेना. कंटाळून नवीन गिअर पाकिटातून काढायला घेतला होता, पण तुमचं वाक्य आठवलं आणि परत टॉर्च लावला. तो वर्मच्या आट्यांत रुतून बसला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. टूथब्रशनं निघाला नाही, दात कोरायच्या काडीनं काढला.

बंद केल्यावर आधी रिकामा चालवला. आवाज खाली आला आहे, एकसारखी घुमघुम, टकटक अजिबात नाही. मग उंची तपासायला भांडं आणि चपटा बीटर (मिसळायचं पातं) लावून भांड्यात एक नाणं टाकलं आणि कमी वेगावर सोडलं. नाणं हललंच नाही, म्हणजे बीटर उंच राहत होता. प्लग काढून मानेजवळचा स्क्रू पाव फेरा फिरवला. आता बीटर येतो तेव्हा नाण्याला हलका धक्का देतो, ते बोटभर सरकतं आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबतं.

पीठ मळताना दोन नंबरच्या वेगाच्या वर कुणीही जायचं नाही, आणि पीठ जास्त असेल तर दोन घाण्यांत करायचं. तशी चिठ्ठी यंत्राच्या पाठीवर चिकटवली आहे.

उरलेलं ग्रीस, जादा पिन आणि पंच एका डब्यात घालून स्वयंपाकघराच्या डाव्या कपाटात ठेवलं आहे. डब्यावर मॉडेल नंबर लिहिला आहे. जुना गिअरही त्यातच आहे, पुढच्या वेळी ज्याला दाते मोजायचे असतील त्याच्यासाठी.

कार्यक्रम समिती