मदत हवी: अमोनिया गळला तर माणसं पळवायची कुठल्या दिशेला?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ किनाऱ्याला लागून आमचा जुना बर्फाचा कारखाना आहे, बोटींना बर्फ देतो. पाणी गोठवायला यंत्रात अमोनिया वायू फिरतो. काकांनी तीस वर्षं चालवला, आता माझ्या गळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सध्या विचार करायला सवड आहे.

मे महिन्यात एका व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीची गळती अडवणारी भर) गेलं. गळती किरकोळ, ऑपरेटरने दहा मिनिटांत बंद केली. (गळती शोधायला आमच्याकडे अजून गंधकाची काडी पेटवून सांध्यांपाशी फिरवतात, पांढरा दाट धूर दिसला की सापडली.) पण तेवढ्यात बर्फाचे कॅन (साचे) काढणारी पोरं पळाली ती थेट फाटकाकडे. जमायची जागा तिथेच, अशी पाटी मीच लावलीय ना! समुद्र पश्चिमेला, फाटक पूर्वेला, दुपारचे खारे वारे. सगळा गॅस त्यांच्याच मागे. डोळे चोळत, खोकत उभी होती बिचारी. रात्री मतलई वारा असता तर तीच जागा बरोबर ठरली असती.

आता दोन बाजूंना दोन जागा ठेवायच्या म्हणतोय. पण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी कुठली ते कसं कळणार? विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लावला तर रात्री दिसेल का?

दुसरी काळजी पाण्याची. फवारा मारला की अमोनिया विरघळतो, मान्य. पण ते पाणी आमच्या गटारातून सरळ खाडीत जातं आणि तिथे मासे मरणार. गावाला तोंड कसं दाखवू? कुणी यावर काही केलंय का?

प्रतिसाद: मी प्लांटची कामं करतो. विंडसॉक कंडेन्सरच्या (गॅस थंड करून द्रव करणाऱ्या यंत्राच्या) वर, खाली दिवा, आणि तो दिवा जनरेटरवर नको, बॅटरीवर घ्या. पोरांना एकच शिकवा: गॅस अंगावर येत असेल तर वाऱ्याला आडवं पळा, मग वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा. फवारा ढगावर मारा, जमिनीवर सांडलेल्या द्रवावर कधीच नाही. तो उणे ३३ अंशांना उकळतो, पाणी पडलं की आणखी उसळतो. फवाऱ्याचं पाणी खाडीत जाऊ नये म्हणून गटाराच्या तोंडाला सरकती फळी आणि तिच्या अलीकडच्या बाजूला ते साठवायला सिमेंटचा खड्डा करून घ्या, आताच, बंदीच्या दिवसांत. आणि मास्क कॉम्प्रेसर रूमच्या आत टांगलेत का? बहुतेक ठिकाणी तसेच असतात. दाराबाहेर काढा, मास्कच्या गाळणीच्या डब्यावरची मुदतीची तारीखही बघा.