मदत हवी आहे: सांधलेली भेग खोलीच्या तापमानाला टिकते, १२०० अंशांना पुन्हा तिथूनच उघडते

अ‍ॅल्युमिनात (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक) आकारमानाने १५ टक्के बारीक सिलिकॉन कार्बाइड, हॉट प्रेस केलेले (दाबाखाली तापवून घट्ट केलेले) ३×४ मिमीचे बार. वाकवताना ताण येणाऱ्या बाजूला व्हिकर्स ठशाने (हिऱ्याचं टोक दाबून) सुमारे १०० मायक्रॉनची भेग पाडून हवेत १३०० °से.ला १ तास ठेवतो. कार्बाइडचं ऑक्सिडीकरण होऊन फुगलेली सिलिका भेग भरते. थंड झाल्यावर बार भेगेपासून न तुटता दुसरीकडे तुटतो. ठशाचा अवशिष्ट ताण सुटल्यामुळेही ताकद वाढते, म्हणून जोडीचे बार आर्गॉनमध्ये (तिथे ऑक्सिजन नसल्याने सिलिका होत नाही) तापवून पाहिले. त्यांची ताकद थोडीच वाढते, म्हणजे भेग खरंच सांधते आहे.

पण १२०० अंशांना वाकवताना तडा नेमका त्याच भेगेतून जातो आणि तुटण्याआधी भार-विचलन आलेख (किती भाराला बार किती वाकला) सरळ न राहता वाकतो. सिलिका काचरूपच राहून मऊ पडते, असा माझा कयास. अ‍ॅल्युमिनातलं सोडियम, कॅल्शियम तिला आणखी पातळ करत असणार.

१३०० अंशांनाच वेळ १० तासांवर नेला तर स्फटिकीकरण पुरेसं होईल का? क्रिस्टोबलाइट (सिलिकाचं एक स्फटिकरूप) झालं तर थंड होताना २५० अंशांच्या आसपास आकुंचनाने नवीन चिरा पडतील, ही खरी धास्ती. भेगेत म्युलाइटच (अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाचं स्फटिकी संयुग) व्हावं यासाठी कुणी तापमान-वेळेचं वेळापत्रक वापरलं असेल, तर कृपया आकड्यांसह सांगा. भार लावण्याचा वेग बदलून काचेचा मऊपणा वेगळा ओळखता येतो का, तेही हवंय.