पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संवादकौशल्याचं पदक: पोर्टफोलिओत नेमकं काय घालायचं?

अर्धविराम

पदवीचं दुसरं वर्ष, मुख्य विषय रसायनशास्त्र. आमच्याकडे संवादकौशल्यासाठी पदवीच्या विद्यार्थ्यांचा सन्मान करणारा कार्यक्रम आहे. साधारण लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'डिस्टिंग्विश्ड कम्युनिकेटर'सारखा: लेखी, तोंडी, दृश्य आणि तांत्रिक अशी चार अंगं, संवादावर भर असलेले कोर्स, एक प्राध्यापक मार्गदर्शक, आणि शेवटी वेबसाइटच्या रूपातला पोर्टफोलिओ. तो मान्य झाला की पदवीदानाच्या वेळी पदक मिळतं.

नियमावली वाचून झाली आहे, पण तिच्यात न लिहिलेलंच जास्त महत्त्वाचं वाटतंय.

१. प्रयोगशाळेचे रिपोर्ट चालतात का? लिखाण म्हणून माझ्याकडे मुख्यतः तेच आहे.
२. एकूण किती नमुने ठेवायचे?
३. प्रत्येक नमुन्यासोबत 'चिंतनपर टिपण' मागितलंय. त्यात काय लिहितात?
४. चौघांनी मिळून केलेला प्रोजेक्ट आपला म्हणून दाखवता येतो का?
५. व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही. तोंडी अंगाचं काय करायचं?

---

टाचणवही

तुम्ही दुसऱ्या वर्षाला विचारताय हे उत्तम. शेवटच्या सत्रात पोर्टफोलिओ करायला बसणाऱ्यांची अडचण दर्जाची नसते, कच्चा माल उरलेला नसतो ही असते. पहिला मसुदा त्याच फाइलवर पुसला गेलेला, शिक्षकांचे शेरे कोर्सच्या पानासोबत बंद झालेले, भाषणाचं रेकॉर्डिंग कोणी केलेलंच नाही. मग फक्त अंतिम प्रत उरते. कामात सुधारणा कशी होत गेली हे तिच्यावरून सिद्ध करता येत नाही.

म्हणून आजपासून प्रत्येक मोठ्या असाइनमेंटचा एक फोल्डर करा. त्यात चार गोष्टी ठेवा: असाइनमेंटची मूळ सूचना, पहिला मसुदा, आलेले शेरे, अंतिम प्रत. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर एक गोम लक्षात ठेवा: 'कॉपी बनवा' केलं की नव्या फाइलसोबत जुना आवृत्ती-इतिहास येत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला आवृत्तीला नाव द्या, आणि त्या टप्प्याची पीडीएफही काढून ठेवा.

रिपोर्ट चालतो. मात्र तो वाचणाऱ्या शिक्षकांना उत्तर आधीच ठाऊक असतं. त्यामुळे एकट्या रिपोर्टवरून तुम्हाला ठरलेला साचा जमतो एवढंच दिसतं. त्याच प्रयोगावर रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसासाठी एक पान लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. उदाहरणार्थ, फळांच्या रसातल्या 'क' जीवनसत्त्वाचं आयोडिनने टायट्रेशन केलंत, म्हणजे आयोडिन थेंबाथेंबाने घालून त्याचं प्रमाण मोजलंत. तीन वाचनं आली ४२, ४५ आणि ४८ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटरमागे. रिपोर्टात '४५ ± ३' येईल, कारण सरासरी ४५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे वाचनं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप, ३. सामान्य वाचक मात्र ते ± चिन्ह कुंपण समजतो, म्हणजे खरा आकडा ४२ ते ४८ च्या बाहेर जाणारच नाही असं धरून चालतो. तसं तीन वाचनांवरून म्हणताच येत नाही. म्हणून त्याच्यासाठी लिहायचं: 'एकाच बाटलीतला रस तीनदा तपासला, आकडे ४२, ४५ आणि ४८ आले, आणखी चाचण्या केल्या तर यापेक्षा कमी-जास्तही येऊ शकतात.' वाचक बदलल्यावर वाक्य का बदललं हे तुम्हाला सांगता आलं, तर तो साधा रिपोर्ट पोर्टफोलिओतला सगळ्यात भक्कम नमुना होऊ शकतो.

संख्या: नियमात किमान आकडा दिला असेल तर त्याच्यावर एक-दोन, एवढंच. दिला नसेल तर माझ्या मते आठ ते दहा, प्रत्येक अंगाचे निदान दोन. एक नमुना दोन अंगांत मोजता येतो. पोस्टर दृश्य आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहून समजावणं तोंडी.

स्वतःचं काम तपासायला अमेरिकेतल्या एएसीअँडयू या संघटनेची 'व्हॅल्यू' रुब्रिक, म्हणजे काम तपासायच्या निकषांचा तक्ता, वापरा. लेखी संवादाच्या रुब्रिकमध्ये पाच निकष आहेत: संदर्भ व हेतू, आशयाची वाढ, त्या विषयाचे लेखनसंकेत, स्रोत व पुरावे, आणि भाषेवरची पकड. प्रत्येकाला १ ते ४ पायऱ्या. विद्यार्थी बहुतेक वेळा शेवटच्या निकषावर, म्हणजे शुद्धलेखनावर, घाम गाळतात आणि पहिल्यावर मार खातात.

---

चष्मा_पुसून

वरचं बहुतेक पटलं, पण एका ठिकाणी अडतं. केवळ पोर्टफोलिओसाठी लिहिलेलं 'सामान्य वाचकाचं पान' लगेच ओळखू येतं, कारण तो सामान्य वाचक कल्पनेतला असतो. ते पान दोन-तीन खऱ्या माणसांना द्या आणि 'आवडलं का?' विचारू नका. 'यात काय म्हटलंय ते तुमच्या शब्दांत सांगा' असं म्हणा. जिथे ते चुकीचं सांगतील तिथे मजकूर चुकला आहे. ती चूक आणि तुमची दुरुस्ती हाच टिपणाचा ऐवज.

आता टिपणाबद्दल. सगळ्यात जास्त अर्ज इथे फिके पडतात. नेहमीचं वाक्य असं असतं:

'या प्रोजेक्टमधून मला खूप काही शिकायला मिळालं. माझा आत्मविश्वास वाढला आणि संवादकौशल्य विकसित झालं.'

हे वाक्य कुठल्याही नमुन्याखाली चिकटवता येतं, म्हणजे ते कुठल्याच नमुन्याबद्दल नाही. याउलट हे पाहा:

'पहिल्या मसुद्यात चाचणीची पद्धत तीन परिच्छेद खात होती. वाचणारी व्यक्ती पाणीपुरवठा सांभाळणारी. तिला पद्धत नको होती, गाळणी आता बदलायची की नाही एवढं हवं होतं. म्हणून निष्कर्ष पहिल्या वाक्यात आणला आणि पद्धत परिशिष्टात टाकली. यात नमुने कुठून घेतले हेही मागे गेलं. ते मागे जायला नको होतं, कारण पहिला प्रश्न त्यावरच आला.'

शेवटची दोन वाक्यं काढू नका. काय फसलं हे लिहिलं की गुण जातील अशी भीती असते. पण आपल्या मांडणीची किंमत काय मोजावी लागली हे ज्याला कळतं, त्यालाच मांडणी कळते, आणि समिती तेच शोधत असते. लांबी १५० ते २५० शब्द. टिपणात नमुन्याचा सारांश देऊ नका, नमुना शेजारीच आहे.

गटातलं काम जरूर दाखवा, पण 'आम्ही' म्हणून नको. 'आम्ही पोस्टर तयार केलं' यावरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. 'आलेख क्रमांक २ व ३ आणि निष्कर्षाचा मजकूर माझा, मांडणी सहकाऱ्याची, संपूर्ण पोस्टरचं शेवटचं संपादन माझं' असं लिहा. शोधनिबंधांमध्ये कोणी काय केलं हे सांगायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात. शब्द सुचत नसतील तर ती बघा. सहकाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांची नावं सार्वजनिक साइटवर टाकू नका.

भाषा तपासणारं किंवा मजकूर तयार करणारं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी ते एका ओळीत सांगून टाका. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, आधी वाचा. टिपण मात्र स्वतः लिहा. यंत्राने लिहिलेलं टिपण वर दिलेल्या पहिल्या नमुन्यासारखंच गुळगुळीत निघतं.

---

तिसरी_घंटा

तोंडी अंगासाठी व्यासपीठ लागतंच असं नाही. कनिष्ठ विद्यार्थ्यांना प्रयोगाआधी सुरक्षेच्या सूचना देणं, पोस्टरसमोर उभं राहून प्रश्न घेणं, शिकवणीचं सत्र, पॉडकास्टचा भाग, हे सगळं तोंडी संवादात बसतं. नियमात 'श्रोत्यांसमोर' असं लिहिलं असेल तर पॉडकास्ट चालेल का हे आधी विचारून घ्या.

बोलण्याआधी शब्द मोजा. सहज समजेल अशा वेगाचं इंग्रजी बोलणं मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्दांचं असतं. म्हणजे १० मिनिटांना १३०० ते १५०० शब्द. लोक २००० शब्दांची संहिता घेऊन येतात आणि मग वेग वाढवतात. श्रोत्याला वाटतं हा घाबरलाय, खरी भानगड गणिताची असते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, शब्द लांबतात. त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा उचलू नका, एकदा घड्याळ लावून स्वतःचा वेग काढा.

सरावाला 'थ्री मिनिट थीसिस'चा साचा घ्या. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे, पण तीन मिनिटं आणि एकच स्थिर स्लाइड ही चौकट कोणालाही चालते. काय गाळायचं हे त्यात सक्तीने ठरवावं लागतं.

रेकॉर्डिंगमध्ये चित्रापेक्षा आवाज सांभाळा. खोलीच्या मागच्या टोकाला ठेवलेल्या फोनमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज तुमच्यापेक्षा स्पष्ट येतात. कॉलरचा माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर लावा, तो नसेल तर दुसरा फोन खिशात ठेवून त्यावर फक्त आवाज घ्या. सुरुवातीला एक टाळी वाजवली की नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतो. श्रोत्यांचे चेहरे दिसत असतील तर त्यांची परवानगी घ्या.

व्हिडिओ कापून गोंडस करू नका. सलग ठेवा, आणि खाली वेळा द्या: '२:१० ला आलेख समजावला आहे, ६:४५ ला प्रश्नोत्तरं.' परीक्षक पूर्ण व्हिडिओ बघतीलच असं धरून चालू नका. प्रश्नोत्तरांचा भाग असेल तर तो नक्की ठेवा. पाठ केलेलं भाषण आणि समजून केलेलं बोलणं यातला फरक तिथेच कळतो.

---

अर्धविराम

खूपच उपयोगी, सर्वांचे आभार. वेबसाइट विद्यापीठाच्या खात्यावर करू की बाहेर? आणि मार्गदर्शक म्हणून कोणाला विचारावं?

---

टाचणवही

ज्यांनी तुमच्या किमान दोन कामांवर शेरे दिलेत अशांना विचारा. नावाजलेले पण तुमचं एक ओळही न वाचलेले प्राध्यापक शिफारस देतील, मजकूर कुठून आणतील? विचारताना तीन नमुने आणि तारखांचा कागद सोबत द्या. प्रत्येक वाचनासाठी त्यांच्याकडे निदान दोन-तीन आठवडे राहतील असं बघा.

---

काळंपांढरं

वेबसाइट बाहेर करा, किंवा विद्यापीठाच्या खात्यावर करायची सक्ती असेल तर बाहेर दुसरी प्रत ठेवा. पदवीनंतर अनेक विद्यापीठं विद्यार्थ्यांची खाती बंद करतात. नोकरीच्या अर्जात दिलेला दुवा मग रिकामा उघडतो.

रचना साधी ठेवा. मुख्य पानावर तुम्ही कोण, कशावर काम करता, आणि सर्वांत चांगले तीन नमुने. कोणताही नमुना दोन क्लिकमध्ये मिळाला पाहिजे. चार अंगांचे चार विभाग ही रचना समितीला सोयीची, बाहेरच्या वाचकाला निरर्थक. म्हणून विभाग विषयानुसार करा आणि प्रत्येक नमुन्यावर कोणत्या अंगाचा आहे ती पट्टी लावा. यावर वाद होऊ शकतो, पण ही साइट पदकानंतरही वापरायची आहे.

फिकट करड्या अक्षरांचा मोह टाळा. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ इतका उजळ-गडदपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) लागतो. तपासायची साधनं फुकट मिळतात. चित्रांना पर्यायी मजकूर द्या, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला ते शब्दांत सांगणारी ओळ. 'आलेख' असं नको, 'तापमान वाढेल तसं जीवनसत्त्व घटत जातं हे दाखवणारा रेषालेख' असं लिहा. आलेखात फक्त लाल-हिरव्यावर भेद ठेवू नका, रेषेचा प्रकारही बदला. व्हिडिओच्या आपोआप आलेल्या उपशीर्षकांत रसायनांची नावं हमखास चुकतात, ती हाताने दुरुस्त करा. फोनमधला फोटो थेट चढवू नका. रुंदी १६०० पिक्सेलवर आणली की पान पटकन उघडतं.

इंटर्नशिपमधलं काम असेल तर लेखी परवानगी घ्या. ती मिळाली नाही तर तेच दस्तऐवज काल्पनिक आकडे घालून नव्याने रचा आणि तसं स्पष्ट लिहा. नाव काळ्या पट्टीने झाकलेल्या पीडीएफवर विसंबू नका. पट्टी नुसती वर ठेवलेली असते, खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो.

आणि सादर करण्याच्या आदल्या दिवशी साइट ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता उघडा. प्रत्येक दुवा दाबा. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं उघडतं, कारण तिथे तुम्ही आधीच लॉगिन असता. परीक्षकाला मात्र 'परवानगी मागा' एवढंच दिसतं.