सल्ला हवा: नील यंगचा 'हार्वेस्ट' गिटार आणि माऊथ ऑर्गनवर, सुरुवात कुठून?

सहातारा: ओपन कॉर्ड्स साफ वाजतात. आता गळ्यात माऊथ ऑर्गन अडकवून नील यंगच्या 'हार्वेस्ट' (१९७२) या अल्बममधली गाणी बसवायची आहेत. आधी कुठलं घ्यावं? आणि माऊथ ऑर्गन कुठला?

काळीदोन: 'हार्ट ऑफ गोल्ड'च. कडवं ई मायनर, सी, डी, जी एवढ्यावर उभं आहे. माऊथ ऑर्गन १० भोकांचा डायटॉनिक (एकाच पट्टीचे सूर असलेला), जी पट्टीचा. दुकानात नुसतं 'माऊथ ऑर्गन द्या' म्हणालात तर बरेचदा २४ भोकांचा, दुहेरी पत्तीचा पुढे येतो. त्याचा सूर सतत थरथरतो, इथे नको तो. दुसरी गफलत ब्लूजवाल्यांची: जी पट्टीतल्या गाण्यासाठी सी पट्टीचा घेतात. त्यात एफ शार्पच नाही, आणि डी कॉर्डला तोच लागतो. जी पट्टीत सहावं भोक ओढलं (श्वास आत घेतला) की ई, सातवं ओढलं की एफ शार्प, सातवंच फुंकलं की जी. याच भागात फिरत राहा.

स्टँड ओठांच्या उंचीला आणून नट आवळा. मान खाली घालावी लागली की गळा आवळतो.

मंद्र: लय मिनिटाला ८५ ठोक्यांच्या आसपास. श्वास संपत आला की हात पळायला लागतो, म्हणून आठवडाभर मेट्रोनोमवर नुसती गिटार. रेकॉर्डमध्ये ड्रमवर केनी बट्रे आहे. तो किती कमी वाजवतो ते ऐका.

सहातारा: 'ओल्ड मॅन'मधल्या बँजोचं काय करायचं?

काळीदोन: तो जेम्स टेलरने वाजवलाय. सहा तारांचा, गिटारसारखा लावलेला, त्यामुळे बोटं तीच. त्याचा आणि लिंडा रॉनस्टॅटचा मागून आवाजही आहे. एकट्याने म्हटलं की धृपद ओकंबोकं वाटतं ते म्हणूनच. तिथे स्ट्रमिंग वाढवू नका, वरच्या सुरात गाणारा एक जोडीदार शोधा.

मंद्र: 'अ मॅन नीड्स अ मेड' सध्या सोडा. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे त्यात. पियानोवर उतरेल, गिटारवर फारसं हाती लागत नाही. 'द नीडल अँड द डॅमेज डन' मात्र एकट्या गिटारीचं, १९७१ च्या कार्यक्रमातलं. दिसतं सोपं, पण नाही. वर डी तसाच धरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सी घ्यायचा, म्हणजे चारही बोटं गुंततात. सी वरचं बोट आडवं पडलं की चौथी तार मुकी होते. मनगट थोडं पुढे काढा.