किट कारचा डॅशबोर्ड: पत्रा कापण्याआधी गेज आणि स्विचची जागा कशी ठरवावी?

फोंडा_१३००

नमस्कार मंडळी. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची दोन सीटर उघडी गाडी सुटे भाग आणून जोडतोय. इंजिन-गिअरबॉक्स मारुती जिप्सी किंगचा, १.३ एमपीएफआय (फ्यूल इंजेक्शनवालं), ट्रान्सफर केस (फोर व्हील ड्राइव्हची पेटी) काढलेली आहे. सीट, पेडल, स्टिअरिंग कॉलम बसून झालेत, आता डॅशची पाळी. गाडी खासगी आवारात आणि ट्रॅकवरच चालेल, तेव्हा आरटीओचा विषय इथे नको.

पॅनेल १०२० मिमी रुंद, मध्यावर २१० उंच, चालकासमोर १६५. मागे खोली १५० मिमी, पण डावीकडे वायपर मोटरने बरीच जागा खाल्लीय. स्टिअरिंगचं चाक १४ इंची. स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा) १०० मिमीचे. शिवाय ५२ मिमीचे पाच: ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, ऑइलचं तापमान, फ्यूल, व्होल्ट. पाचही मध्यावर एका ओळीत आणि खाली आठ टॉगल, असा बेत आहे. २ मिमी ॲल्युमिनियम वेर्ण्याला लेझरवर कापून घेईन. त्याआधी काय काय तपासावं?

म्हापसा_फॅब्रिकेशन

ड्रॉइंग पाठवायची घाई करू नका. आधी जाड पुठ्ठ्याचं पॅनेल कापून स्कटलवर (बॉनेटमागचा, डॅश धरणारा भाग) बसवा. मीटरच्या बेझलच्या (बाहेरच्या कड्याच्या) मापाच्या कागदी चकत्या त्यावर टेपने लावा, म्हणजे हलवता येतील. मग हेल्मेट घालून, बेल्ट पूर्ण आवळून सीटवर बसा. बेल्ट आवळला की खांदे पुढे जात नाहीत आणि हात सैल बसल्यापेक्षा चांगलेच कमी पोचतात. तेवढ्यात जे लागेल तेच तुमचं खरं पॅनेल. उरलेला भाग ग्लोव्ह बॉक्सला द्या.

चाकाचं गणित कागदावर फसवतं. १४ इंची चाकाच्या आत साधारण २९५ मिमी मोकळी जागा असते, आणि १०० मिमीची दोन मीटर १२० मिमी अंतराने लावली तर बेझलसकट २३० लागतात. म्हणजे मावतात. पण डोळे चाकाच्या कडेपेक्षा वर असतात आणि पॅनेल चाकाच्या मागे असतं, त्यामुळे चाकातून दिसणारा भाग पॅनेलवर खाली सरकतो. बॉनेटच्या रेषेला चिकटवलेल्या मीटरचा वरचा भाग कडेमागे जातो. सीटवरून बघूनच खूण करा. बघताना चाक सरळ ठेवा, मग पाव वळण देऊन पुन्हा बघा. स्पोक काय झाकतो ते कळेल. दोन्ही मीटर नीट दिसत नसतील तर टॅको समोर घ्या आणि स्पीडो मध्याकडे ढकला. ट्रॅकवर स्पीडो बघतो कोण?

छोट्या गेजचा क्रम सुबकतेवर ठरवू नका. ऑइल प्रेशर टॅकोला लागून, त्याच्या डावीला पाणी, मग फ्यूल, शेवटी व्होल्ट. ऑइल कूलर नसेल तर ऑइल तापमानाचं गेज माझ्या मते वगळा. वाढलेलं दिसलं तरी चालवताना करणार काय? ७० मिमी अंतराने चार गेज २७० मिमीत बसतात.

प्रेशर आणि पाण्याचं गेज भोकात असं फिरवा की इंजिन गरम, चाल व्यवस्थित असताना काटा बाराच्या जागी उभा राहील. आकडे तिरके दिसतील, दिसू देत. दोन्ही काटे उभे म्हणजे सगळं ठीक, आकडा वाचायची गरजच नाही. म्हणून लेझरवाल्याला गेजच्या भोकाला खाच ठेवायला सांगू नका, साधं गोल भोक ठेवा.

आठ टॉगल फार झाले. जिप्सीचाच कॉम्बिनेशन स्विच कॉलमवर ठेवा; इंडिकेटर, डिपर, वायपर त्यात आले. पॅनेलवर इग्निशन, स्टार्ट बटण, हझार्ड आणि पंख्याचा मॅन्युअल स्विच. बस. हझार्डचा स्विच बाकीच्यांहून वेगळ्या आकाराचा घ्या, न बघता बोटांना ओळखू आला पाहिजे. टॉगलला १२ मिमी भोक लागतं, दोन टॉगलमध्ये किमान ३० मिमी ठेवा. हातमोजे असतील तर ३५. आणि खुंट्या गुडघ्याच्या वाटेत नकोत, चढता-उतरता लागतात.

वास्को_वायरिंग

मागच्या बाजूचं मी सांगतो. ५२ च्या गेजचं पोट, टर्मिनल आणि वायरचं वळण धरून १०० मिमी मोकळे लागतात. वायपर मोटरसमोर गेज येत असेल तर तिथे पायलट लॅम्प (छोटे वॉर्निंग दिवे) लावा.

टॉगलवर छापलेलं ६ ॲम्पियर हे बहुतेक २५० व्होल्ट एसीसाठी असतं. डीसीत, त्यातही पंख्याच्या मोटरसारख्या लोडवर, ठिणगी लवकर विझत नाही आणि कॉन्टॅक्ट जळतात. ६० वॉटचे दोन हेडलॅम्प म्हणजेच १० ॲम्पियर. म्हणून स्विचने फक्त रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) ओढायचा. आकडे रिलेच्या टर्मिनलचे: ८६ ला स्विचचा करंट, ८५ अर्थला, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून लोड. रिलेच्या कॉइलला २०० मिलिॲम्पच्या आतबाहेर लागतात, त्यामुळे स्विचपर्यंत ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर भरपूर. पंख्याला ४ स्क्वेअर एमएम आणि ३० ॲम्पियरचा फ्यूज.

गेज आणि सेंडर (गेजला माप पाठवणारा सेन्सर) एकाच जातीचे हवेत. व्हीडीओ पद्धतीचा फ्यूल सेंडर रिकाम्या टाकीला १० ओहम, भरलेल्याला १८० दाखवतो; अमेरिकन पद्धतीचा उलटा, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. जपानी फ्लोटसुद्धा रिकाम्याला जास्त ओहम दाखवतात. मारुतीचा फ्लोट ठेवणार असाल तर तो हाताने वर-खाली करून मल्टिमीटरवर दोन्ही टोकं मोजा आणि मगच गेज विकत घ्या.

ऑइल सेंडरची चूडी बघून घ्या. इंजिनात १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पद्धत), २८ चूड्या इंचाला; बाजारातले बरेच सेंडर १/८ एनपीटी (अमेरिकन), २७ चूड्या. दोन-तीन आटे सहज बसतात, पुढे जोर लावला की ब्लॉकची चूडी जाते. ॲडॅप्टर वापरा, आणि सेंडर जड असेल तर ब्लॉकवर लटकवू नका. कंपनाने पितळी ॲडॅप्टर मानेत तुटतो. होज लावून सेंडर चेसिसवर बांधा. सिंगल वायर सेंडरचं अर्थ बॉडीतून येतं, तेव्हा होजवर असेल तर वेगळी अर्थ वायर द्या, आणि टेफ्लॉन टेप जाडसर गुंडाळू नका.

हेडलॅम्प लावला की पाण्याचा काटा वर उडतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. दोष गेजचा नसतो, डॅशच्या अर्थचा असतो. पॅनेलच्या बोल्टवर विसंबू नका; सगळ्या गेजचं अर्थ एका पट्टीवर आणून तिथून अडीच स्क्वेअर एमएमची एक वायर थेट इंजिन ब्लॉकला न्या.

फोंडा_१३००

देव बरें करूं! पुठ्ठा उद्याच कापतो. दोन शंका: वॉर्निंग दिवे सगळे एलईडी केले तर चालतील ना? आणि ट्रान्सफर केस गेली म्हणजे स्पीडोची केबल कुठे लावू?

वास्को_वायरिंग

चार्जिंगचा सोडून चालतील. तो बल्ब नुसता दिवा नाही, अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) सुरुवातीचा करंट त्यातूनच जातो. एलईडीतून तेवढा जात नाही, म्हणून आयडलवर चार्जिंगच सुरू होत नाही आणि रेव्ह केल्यावर कधीतरी होतं. एलईडीला समांतर ५६ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा. तो गरम होतो, लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) गुंडाळू नका. नाहीतर सरळ ३ वॉटचा बल्बच ठेवा. इंडिकेटरचा दिवाही दोन्ही बाजूंना मिळून एकच असेल तर एलईडी नीट चालणार नाही. दोन १एन४००७ डायोड लावून डावी-उजवी एकत्र करा आणि एलईडीचं दुसरं टोक अर्थला द्या.

मालीम_जेटी

केबलचं ड्राइव्ह जिप्सीत ट्रान्सफर केसवरच असतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक स्पीडो घ्या. डिफच्या (मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियल) फ्लँजच्या बोल्टसमोर हॉल सेन्सर, तो प्रत्येक बोल्ट समोरून गेला की एक पल्स देतो; फट १ ते १.५ मिमी. १८५/६० आर १३ टायरचा घेर सुमारे १.७३५ मीटर, म्हणजे किलोमीटरला ५७६ फेरे. डिफचं गुणोत्तर समजा ४.१ आणि बोल्ट चार, तर ५७६ × ४.१ × ४ = सुमारे ९,४५० पल्स. दात मोजून स्वतःचं गुणोत्तर घाला.

आता खाऱ्या हवेचं. उघडी गाडी, वर गोव्याचा पाऊस. साधी तांब्याची वायर इन्सुलेशनच्या आत हिरवी पडत जाते. ट्रॉलरला सामान पुरवणाऱ्या दुकानांत कल्हई केलेली मरीन वायर मिळते, तीच घ्या. वायरच्या टोकाला लग क्रिंप करून (दाबून बसवून) त्यावर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. टॉगलवर रबरी टोप्या, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस. २ मिमी पत्रा एकटा थरथरतो. मागे ६ मिमी मरीन प्लाय लावा, आयएस ७१० चा शिक्का बघून, आणि कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममधून जातात तिथे नायलॉन वॉशर. चकचकीत फिनिश नको, संध्याकाळी समोरून ऊन आलं की काटाच दिसत नाही. मॅट काळा द्या.

पॅनेल चार स्क्रूंवर पूर्ण बाहेर येईल असं करा. सगळ्या वायरी दोन मल्टिपिन कनेक्टरमधून, आणि ३०० मिमी ढील, म्हणजे पॅनेल चाकावर टेकवून मागचं काम करता येईल.

म्हापसा_फॅब्रिकेशन

लेझरवाल्याला देताना ५२ चं भोक ५२.५ आणि १०० चं १००.५ सांगा, पावडर कोटिंगचा थर आत येतो. पण आधी हातातलं गेज कॅलिपरने मोजा, कॅटलॉगवर जाऊ नका.

बॅटरीचा कट-ऑफ (सगळा पुरवठा तोडणारा मुख्य स्विच) बेल्टमध्ये बसून हाताला लागला पाहिजे, आणि तो इग्निशनही तोडणारा हवा, म्हणजे जादा कॉन्टॅक्टवाला. नुसती बॅटरी तोडली तर अल्टरनेटरवर इंजिन चालू राहतं, वर व्होल्टेज उडून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो तो वेगळाच.

फोंडा_१३००

कट-ऑफ उजव्या टोकाला घेतो, तिथे उंची १३० आहे. ऑइल तापमान रद्द. पुठ्ठ्यावर जागा ठरल्या की ड्रॉइंग इथे टाकतो.