प्रीमॅच्युअर बाळाचा डोळा: ऑक्सिजन जास्त झाला की कमी पडला?

काजवा:
ताईची डिलिव्हरी ३० व्या आठवड्यातच झाली, बाळ १२५० ग्रॅमचं, बरेच दिवस काचेत होतं आणि ऑक्सिजनवर. आता डोळ्याचे डॉक्टर म्हणतायत पडद्यावर नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्यात, आरओपी म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळांना होणारा पडद्याचा आजार, लेझर करावं लागेल. घरात सगळे एकच धरून बसलेत की ऑक्सिजन जास्त दिला म्हणून झालं. पण मी कॅन्सरच्या गाठीबद्दल वाचलेलं की ऑक्सिजन कमी पडला की नवीन वाहिन्या फुटतात. मग नक्की काय? डॉक्टर म्हणाले "दोन्ही", आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

स्लाइडवाली:
बरोबर बोलले, घाईत बोलले एवढंच. आधी जास्त, मग कमी. पोटात बाळाला ऑक्सिजन आपल्यापेक्षा खूप कमी असतो आणि त्या कमीवरच पडद्याच्या वाहिन्या मधून कडेकडे सरकत वाढतात, साधारण १६ व्या आठवड्यापासून ते दिवस भरेपर्यंत. बाळ लवकर बाहेर आलं, वर ऑक्सिजन लावला, की पडद्याला वाटतं भरपूर आहे, वाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन कमी होतं आणि वाहिन्या अर्ध्या वाटेत थांबतात. पडदा मात्र वाढतच असतो, त्यामुळे काही आठवड्यांनी कडेचा भाग गुदमरतो आणि मग व्हीईजीएफ नुसतं धो धो सुटतं. त्या घाईत फुटलेल्या वाहिन्या कच्च्या, गळक्या, वाट सोडून डोळ्यातल्या जेलमध्ये घुसतात, पुढे आकसल्या की पडदाच ओढतात. गाठीतही हाच प्रकार, आतल्या पेशी गुदमरल्या की रक्त मागवतात.

काजवा:
पण पेशीला कळतं कसं ऑक्सिजन कमी आहे ते?

स्लाइडवाली:
हे मला भारी आवडतं. पेशीत हिफ नावाचं प्रोटीन सतत बनत असतं आणि ऑक्सिजन असेल तर काही मिनिटांत मोडलं जातं. मोडायच्या आधी त्यावर खूण करावी लागते, पाडायच्या भिंतीवर लाल फुली मारतात तशी, आणि फुली मारणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन नाही तर फुली नाही, हिफ शिल्लक राहतं, केंद्रकात जाऊन व्हीईजीएफचं जीन चालू करतं. सेमेन्झा, रॅटक्लिफ, केलिन यांना २०१९ चं नोबेल यासाठीच.

वाकडी_वाट:
घरच्यांना सांगा डॉक्टरांवर लगेच खापर फोडू नका. १९४० च्या दशकात अमेरिकेत सढळ हाताने ऑक्सिजन द्यायचे, हजारो बाळं आंधळी झाली. मग हात आखडला तर डोळे वाचले पण बाळं दगावायला लागली. म्हणून आता सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवायची कसरत असते. शंभर दिसलं की आपण खूश होतो, इथे उलटं आहे.

चष्मिष्टची_आई:
आमची आता नऊ वर्षांची आहे, लेझर झालेलं, जाड चष्मा आहे पण शाळा मस्त चालू. लेझरने त्या वाहिन्या नाही, तो गुदमरलेला कडेचा भागच जाळतात, म्हणजे रक्त मागणाराच गप्प. बाजूचं थोडं कमी दिसतं, मधली नजर वाचते. काही बाळांना व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन देतात पण मग परत उलटू शकतं म्हणून कित्येक महिने फेऱ्या माराव्या लागतात. आणि प्लीज उद्या-परवा करू नका, लेझर ठरलं की दोन-तीन दिवसांत व्हायला हवं.

काजवा:
उद्या सकाळचीच वेळ आहे. त्याआधी किती तास दूध द्यायचं नाही?

चष्मिष्टची_आई:
ते भूलवाल्यांना आत्ताच फोन करून विचारा, सकाळची वाट बघू नका.